राजाचा से, आगीचा से

टिकिम्त महिना, तारीख ४

माझे धर्मगुरू आबा लिसानेवर्क म्हणाले, "अस्सेगेदेच, माणसांवर ओरडणं जरा कमी कर. वहीवर ओरड. वहीला वाईट वाटत नाही." म्हणून ही वही. बघू या तिला वाईट वाटतं की नाही.

आज माझ्या नवऱ्याला शाळेच्या फाटकावर, हेडमास्तर, आबा, पोरं आणि अख्ख्या गल्लीसमोर चोर ठरवलं. तोंडाने नाही. पितळेच्या पाटीवर, कोरून.

सेरेकेबिरहान पावसाळ्याच्या शेवटी खांबावरून पडून गेला. सगळा जन्म त्याने या देब्रे बिरहान गावात विजेच्या तारा ओढल्या. शाळेत दिवा आणला तोही त्यानेच. म्हणून त्याचा चाळिसावा झाल्यावर बरोबरच्या लाइनमनांनी वर्गणी काढून पाटी केली. त्याच शाळेत मी अम्हारिक शिकवते. हेडमास्तरांनी कापड ओढलं आणि पहिलंच अक्षर माझ्या डोळ्यात घुसलं.

आमच्या अम्हारिक लिपीत से नावाची अक्षरं दोन. 'राजा' लिहिताना लागतो तो एक, मुकुटासारखी तीन टोकं वर केलेला. 'आग' लिहिताना लागतो तो दुसरा, तंबूसारखा दोन पाय फाकून उभा. बोलताना दोन्ही सारखेच, लिहिताना मात्र जमीन-अस्मानाचा फरक. राजाच्या सेने 'सेरेके' लिहिलं की अर्थ होतो उगवला. आगीच्या सेने लिहिलं की चोरला. बिरहान म्हणजे प्रकाश. पहाटे जन्मलेल्या पोराचं नाव आईने ठेवलं होतं 'प्रकाश उगवला'. पाटीवर होतं 'प्रकाश चोरला'. आणि त्याखाली, 'वीज खात्यात सचोटीने सेवा'!

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. शेजारची झेवदितू रडायला लागली. बाकीची गल्ली आपापल्या बुटांकडे बघत उभी राहिली. एकही जण दचकला नाही. मला त्याचाच जास्त राग आला. यांच्या पोरांच्या वह्या तपासून माझे डोळे गेले, आणि यांना एवढी मोठी चूक दिसू नये?

मी तिथल्या तिथे स्क्रू काढायला लावले, पाटी अंगावरच्या नेतेल्याच्या शालीत गुंडाळली आणि छातीशी धरून घरी आणली. आता ती भिंतीकडे तोंड करून उभी आहे, वर्गात शिक्षा केलेल्या पोरासारखी.

टिकिम्त ६

पाट्या कोरणाऱ्या हाब्तेगिओर्गिसला आज धारेवर धरलं.

"बाई, मी कशाला बदलीन?" तो म्हणाला. "मशीनला काय कळतं राजा कुठला नि आग कुठली? दाखल्यावर नाव होतं तसं टाकलं."

"कुठला दाखला?"

"मृत्यूचा. तुमच्याच घरून आला होता."

घरी येऊन दाखला काढला. खरंच, आगीचा से. म्हणजे सरकारदरबारी माझा नवरा मेला तोच चोर म्हणून मेला. त्या दिवशी मला काही सुचत नव्हतं, सही कर म्हणाले तिथे सही केली. पण ज्याने ते टाइप केलं त्याच्या घरी तर कोणी मेलं नव्हतं ना? त्याने डोळे कुठे ठेवले होते?

संध्याकाळी इस्त्री लावली आणि फ्यूज उडाला. रोजचंच आहे. घरात एकटी बाई, एक दिवा, एक इस्त्री, आणि बिल मात्र खानावळीचं. सेरेकेला विचारलं की म्हणायचा, "जुनी वायर आहे गं, वीज पिते." लाइनमनच्या घरची वायर दारुडी! आज बदलतो, उद्या बदलतो म्हणत म्हणत स्वतःच गेला.

टिकिम्त ९

वॉर्ड ऑफिसात टेबलामागे मेन्गिस्तेआब बसलेला. माझाच जुना विद्यार्थी. मला बघून खुर्चीतून उठला. अजून घाबरतो, हे बरं आहे.

"टीचर, मी तुमच्या हाताखालून गेलोय," तो म्हणाला. "याच सेसाठी तुम्ही माझे मार्क कापले होते. मी चुकीन का? हे बघा." त्याने माझ्यासमोर नाव टाइप केलं. राजाचा से ऐटीत उभा राहिला. मग त्याने बटण दाबलं, पडदा एकदा मिटला, उघडला, आणि राजाच्या जागी तंबू!

"पुन्हा कर," मी म्हटलं.

त्याने पुन्हा केलं. पुन्हा तंबू. जत्रेतला जादूगार परवडला, तो निदान कबुतर परत देतो.

"नवीन प्रोग्रॅम असाच आहे. लोक से कुठलाही वापरतात. 'ह'ची तीन अक्षरं, 'त्से'ची दोन, 'अ'ची दोन. एकाच माणसाची चार-चार माणसं होतात. म्हणून मशीन सगळ्यांना एका रांगेत आणतं."

"माझ्या नवऱ्याला रांगेत उभं करणारं मशीन कोण?"

"राजधानीतली, अदिसची कंपनी आहे, टीचर. माझ्या हातात काही नाही. आणि सार्वजनिक भिंतीवरचं नाव नोंदीशी जुळलंच पाहिजे, तसा नियम आहे. म्हणजे सध्या... तीच पाटी लावावी लागेल."

मी काय बोलले ते लिहीत नाही. आबा ही वही बघायला मागतील. बाहेर रांगेत उभ्या म्हातारीने मला पाणी दिलं, एवढं पुरे.

टिकिम्त १२

झेवदितूकडे कॉफीला गेले होते. तिचं घर आमच्या भिंतीला लागून. चांदण्यातलं घर. म्हणजे परवानगी नसताना एका रात्रीत चांदण्याच्या उजेडात उभं केलेलं. गल्लीच्या त्या टोकाची सगळी घरं तशीच. कागद नाहीत, म्हणून मीटर नाही. तरी झेवदितू पहाटेपासून विजेच्या तव्यावर इंजेराच्या भाकऱ्या भाजून विकते आणि पलीकडच्या खोलीत म्हातारे गाशे वोल्देसेमायात दिव्याखाली स्तोत्रं वाचत बसतात. वीज कुठून आणतात देव जाणे. एकदा सेरेकेला म्हटलंही होतं, "तुमच्या खात्याला दिसत नाही का?" तर म्हणाला, "शेजाऱ्याच्या ताटात डोकावू नये." आणि माझंच ताट पुढे ओढून माझी भाजी खाल्ली. असा होता.

कॉफीचा दुसरा कप झाला आणि झेवदितू हळूच म्हणाली, "एत्ये, ताई, एवढी धावपळ कशाला? आहे तीच लावा ना पाटी."

"तीच? चोराची?"

"म्हणजे... तसं वाईट नाही ते. ज्याच्याकडे जास्त आहे त्याचं घेऊन, ज्याच्याकडे नाही त्याला..."

"झेवदितू!" गाशे वोल्देसेमायात एवढ्या जोरात खाकरले की निखाऱ्यांवरची राख उडाली. "कॉफी उतू जातेय."

कॉफी उतू जात नव्हती. मी उठले. तिसरा कप आशीर्वादाचा असतो, तो सोडून कोणी उठत नाही. मी उठले. आयुष्यात पहिल्यांदा. नवऱ्याला चोर म्हणणाऱ्या घरचा आशीर्वाद मला नको. सेरेकेने कुणाचा खिळा उचलला नाही. बाजारात चिल्लर जास्त आली तर डोंगर चढून परत द्यायला जायचा, आणि इथे माझी शिरोची आमटी करपायची.

ही माणसं अडाणी आहेत. अक्षराची किंमत त्यांना कळत नाही, दुसरं काय.

टिकिम्त २१

अदिसला जाऊन आले. कंपनी काचेच्या इमारतीत. दारावरच्या माणसाने विचारलं, काम काय? मी म्हटलं, "एका अक्षराचं." त्याने मला आत सोडलं. वेडी समजला असणार.

प्रोग्रॅम लिहिणारी फ्रेहिवोत नावाची बाई निघाली. तिशीची, केस बारीक कापलेले, सरळ तोंडावर बोलणारी. शेपूट घालणारा कोणीतरी भेटेल या तयारीने मी गेले होते, त्यामुळे भांडायची मजाच गेली.

"संगणकात प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो," ती म्हणाली. "तुमच्या राजाचा १२२०. आगीचा १२३०. जगाच्या यादीत दोघांना वेगळी जागा आहे."

"मग परक्यांनी जागा दिली आणि आपल्याच लोकांनी काढून घेतली?"

"मी काढली." तिने डोळे खाली केले नाहीत. "सांगते का ते. एका दवाखान्यात एकाच बाईची दोन नावं लागली होती, एकात हा से, एकात तो. कुठलं औषध तिला चालत नाही ते एका नोंदीत होतं, डॉक्टरने दुसरी उघडली. बाई वाचली, पण पोटातलं बाळ गेलं. तुमचा मुकुट मोठा की ते बाळ, आई?"

समोरचा बरोबर बोलला की माझा आवाज आणखी चढतो. सेरेके म्हणायचा, तुझ्या नावात आगीचा से आहे आणि माझ्यात राजाचा, म्हणून घरात राजा गप्प असतो.

चढलेल्या आवाजातच मी म्हटलं, "शोधताना हवं तर दोघांना एक धर. पण जपून ठेवताना माणसाने लिहिलं तसं ठेव! माझ्या वर्गात दोन भाऊ सारखे दिसतात म्हणून मी एकाचं नाव खोडते का?"

तिने पडद्यावरच्या ओळी वर-खाली सरकवल्या. मग म्हणाली, "हे करता येतं. आम्ही घाईत होतो. साहेबांना तारीख पाळायची होती." आणि उठता उठता विचारलं, "काय करायचे तुमचे यजमान?"

"तारा ओढायचे. विजेच्या."

ती हसली. "विजेचा माणूस, आणि प्रकाश चोरला! मशीनला काहीतरी ठाऊक असणार."

मी तिच्या कॉफीला हात न लावता निघाले. बसमध्ये वाटभर तोंडातल्या तोंडात भांडत आले. शेजारच्या माणसाने जागा बदलली.

हिदार २

जमलं! मेन्गिस्तेआबने शाळेत माणूस पाठवून बोलावलं. नाव टाइप केलं, बटण दाबलं, पडदा मिटला, उघडला. तीन टोकं वर. राजा जागच्या जागी. नवा दाखला हातात घेतला आणि तिथेच बाकावर बसून रडले. मेन्गिस्तेआब म्हणाला, "टीचर, आता तरी माझे कापलेले मार्क द्या." दिले.

फ्रेहिवोतचा फोनही आला. आता शोधताना दोन्ही से एक, ठेवताना वेगळे. म्हणाली, "आई, तुम्ही कटकट्या आहात, पण बरोबर आहात." हेच वाक्य सेरेके उलट क्रमाने म्हणायचा.

नवी पाटी करायला टाकली. मिकाएलच्या सणाला लावायची. गल्लीत सांगितलं तर सगळे म्हणाले, छान, छान. कोणाच्या डोळ्यात आनंद नाही. कृतघ्न मेले. यांच्यासाठी त्याने काय कमी केलं? पावसापाण्यात कोणीही हाक मारली की शिडी घेऊन पळायचा.

फ्यूज पुन्हा उडाला. उद्या वीज कंपनीत जाऊन तमाशा करते. एक लढाई जिंकले आहे, हात गरम आहे तोवर दुसरी.

हिदार ५

अक्षर वाईट येतंय, येऊ दे.

कंपनीने केफ्यालेवला पाठवलं. सेरेकेबरोबर काम करायचा, त्याची शवपेटी यानेच खांद्यावर घेतली. आला तोच पडलेल्या चेहऱ्याने. मीटरच्या पेटीकडे न बघताच म्हणाला, "एत्ये, जाड फ्यूज बसवून देतो. उडणार नाही."

"फ्यूज नको. जी वायर वीज पिते ती काढ. छत उघड."

"छत कशाला उघडता..."

"उघड म्हणते ना!"

तो उघडेना, म्हणून मी स्वतः शिडीवर चढले आणि फळी उचकटली. आत माझ्या नवऱ्याच्या हातची तार. त्याची गाठ मी अंधारातही ओळखीन, बुटाच्या नाड्याही तशाच बांधायचा. मीटरमधून निघालेली, जाड, नीट पट्ट्या मारून बसवलेली. ती माझ्या घरात फिरत नव्हती. वळचणीखालून भिंतीपलीकडे जात होती. तिथे तिला फांद्या फुटल्या होत्या. एक झेवदितूच्या तव्याला. एक गाशेंच्या दिव्याला. पुढे आणखी, चांदण्यातल्या घरांच्या रांगेत शेवटपर्यंत.

मी शिडीवर बसूनच विचारलं, "म्हणजे तो चोर होता?"

"नाही, एत्ये." केफ्यालेवने टोपी काढली. "ही तार मीटरच्या नंतरची आहे. सगळी वीज मोजून, बिल भरून गेलेली. कंपनीचं त्याने एक युनिटही चोरलं नाही." मग खाली बघून म्हणाला, "तुमचंच चोरलं."

"गल्लीला माहीत होतं?"

"होतं."

"तुला?"

"तार मी धरली होती. त्याने शपथ घातली होती सगळ्यांना."

फळी माझ्या हातातून सुटली. त्याच्या डोक्यावर पडली नाही, हे त्याचं नशीब.

हिदार ६

फ्यूज काढून ठेवला. भिंतीपलीकडे सगळीकडे अंधार. माझ्या घरातही अंधार, असू दे.

किती हिवाळे मी या घरात दोन-दोन स्वेटर घालून वह्या तपासल्या! शेगडी मागितली तर म्हणायचा, वायरला झेपणार नाही. फ्रिज मागितला, वायरला झेपणार नाही. बिलावरून भांडण झालं नाही असा महिना गेला नाही. दर वेळी तो मान खाली घालून ऐकायचा आणि मला वाटायचं, बिचाऱ्याला वाईट वाटतंय. हसत असणार मेला!

मला सांगितलं असतं तर? मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच नाही सांगितलं. हे मला कळतं, आणि त्याने राग कमी होत नाही, वाढतो. सगळ्या जगाला उदार आणि बायकोला एवढंही ओळखू नये की ती चार दिवस ओरडेल आणि पाचव्या दिवशी स्वतःच तार धरेल? धरली असती का? माहीत नाही. विचारलंच नाही ना त्याने.

हिदार ९

कोणी आलं नाही. एकानेही दार वाजवलं नाही. भांडायला तरी या! झेवदितूने अंगणात चूल मांडली आहे, निलगिरीचा पाला जाळून इंजेरा भाजते. धूर सगळा माझ्या खिडकीतून आत येतो. आज ती खोकत होती आणि इकडे मी खोकत होते, भिंतीच्या दोन बाजूंना.

संध्याकाळी शिरोचं भांडं दारात ठेवलेलं सापडलं, झाकलेलं, गरम. भांडं झेवदितूचं. मी खाल्लं. रागाने भूक लागते.

हिदार १२

आज मिकाएल. चर्चमधून येईपर्यंत ऊन कललं, मग पाटी लागली. हेडमास्तरांनी पुन्हा तेच भाषण केलं. कापड निघालं. राजाचा से, तीन टोकं वर, पितळेवर लखलखीत. पोरांनी एका सुरात वाचलं, "प्रकाश उगवला." टाळ्या. गल्ली सगळी आली होती, धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत. इस्त्री कोणाचीच नव्हती.

मला वाटलं होतं, या क्षणी पोटातली आग विझेल. कसली विझते!

माणसं पांगल्यावर गाशे वोल्देसेमायात पाटीशी गेले. डोळ्यांना आता कमी दिसतं त्यांना. बोटाने पहिलं अक्षर चाचपलं. "एक, दोन, तीन टोकं. राजा. बरोबर झालं, पोरी." मग माझ्याकडे हात पुढे केला. "मला घरी पोचव बाई. गल्लीत अंधार आहे, पाय अडखळतो."

त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मी उत्तर दिलं असतं. पण टोमणा नव्हताच. अंधार होता म्हणून अंधार म्हणाले. मी त्यांचा हात धरून चालले. वाटेत एकदा तेच अडखळले, एकदा मी. त्यांच्या दारात आम्ही दोघंही कुलूप चाचपडत उभे राहिलो. आत जाऊन काडी ओढली, तर स्तोत्रांचं पुस्तक उघडं पडलेलं होतं, ज्या पानावर थांबले असतील त्याच पानावर.

घरी आले. भिंतीकडे तोंड करून ठेवलेली जुनी पाटी उचलली, खिळा घेतला, हातोडी घेतली आणि मीटरच्या पेटीवर ठोकली. वाकडी लागली. लागू दे. मग फ्यूज बसवला.

गल्लीभर एकच आरडाओरडा झाला, "आली! आली!" वीज आली की म्हातारेकोतारेही पोरांसारखे ओरडतात आमच्याकडे. भिंतीपलीकडून झेवदितूचा आवाज, रडका आणि हसरा, "एत्ये, आली!"

"मला दिसतंय!" मी भिंतीवरून ओरडले. "तवा पहाटेच उरकायचा! संध्याकाळी माझी इस्त्री असते. दोन्ही एकदम लावलं तर याद राख! आणि उद्या कॉफी तुझ्याकडे. तिसरा कप राहिलाय माझा."

आता लिहिते आहे ते दिव्याखाली. समोर पाटी. प्रकाश चोरला. माझ्या नावात आहे तोच से. मला तुझा अजून राग आहे, सेरेकेबिरहान, आणि तो बरेच दिवस राहील.

शुद्धलेखन तपासलं. चूक नाही.